मुलाचा चेहरा ही पावती नव्हे

यंदा शाळा सुरू व्हायच्या सुमारास मी आठ दिवसांची सुट्टी काढून शेंदूरजनाघाटला गेलो होतो. आमचा अकरा मित्रांचा एक गट आहे. बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्ये, कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, दोघे परदेशात. २०१९ पासून आम्ही दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढतो आणि गावातल्या चौदा मुलामुलींच्या वह्या, गणवेश आणि शिकवणीची फी भरतो. या मुलांचे आईवडील संत्र्याच्या नर्सरीत किंवा तोडणीवर मजुरी करतात. वाटपाचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं, कारण घर माझं तिथे आहे.

वह्यांचा गठ्ठा एका सातवीतल्या मुलीच्या हातात दिला आणि सवयीने मोबाईल वर केला. तिच्या आईने तिच्यापुढे हात आडवा धरला. ही बाई नर्सरीत कलमांच्या पिशव्या मातीने भरण्याचं काम करते. दोन वर्षांत तिने माझ्याशी चार वाक्यंही बोललेली नव्हती. ती म्हणाली, "भाऊ, वह्या वापस घ्या लागल्या तं घ्या. पण पोरीचा फोटो नोका काढू. मांगच्या सालचा फोटो तिच्या वर्गातल्या पोट्ट्याइच्या मोबाईलवर गेला. फुकटवाली म्हणतेत तिले."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा पश्चात्ताप आला नाही, चीड आली. पैसे देणाऱ्यांना मी आता काय दाखवू, हा पहिला विचार होता. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर जूनमध्ये चौदा फोटो जातात. त्याखाली हात जोडलेले, हृदयाचे आणि टाळ्यांचे इमोजी येतात आणि पुढच्या वर्षाचे पैसे जमा व्हायला लागतात. हिशेबाची एक्सेल शीटही मी पाठवतो. ती किती जण उघडतात हे मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षीचा फोटो त्या मुलांपर्यंत कसा पोहोचला, याचा शोध मी रात्री घेतला. आमच्यापैकी एकाने तो कौतुकाने स्टेटसला ठेवला होता. त्याच्या गावातल्या भावाने तो उचलून गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथून शाळेत जायला किती वेळ लागणार? कुणाचाच हेतू वाईट नव्हता. सगळ्यांचा हेतू चांगला असताना एका बारा वर्षांच्या मुलीला वर्षभर "फुकटवाली" हे नाव चिकटलं. या विषयावर लिहावंसं वाटलं ते म्हणूनच.

मी हे विसरायला नको होतं. पाचवीत असताना मलाही एका कार्यक्रमात गणवेश मिळाला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. वऱ्हाडातल्या प्रत्येक वाचकाला तिचं शीर्षक पाठ असेल: गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना गणवेश वाटप. फोटोत पाहुणे मधोमध, हार घातलेले, कॅमेऱ्याकडे बघणारे. आम्ही मुलं कडेला, हातात पाकीट धरून. माझे अब्बा संत्र्याच्या पेट्या भरायचे. त्यांनी चहाच्या टपरीवर तो पेपर पाहिला आणि घरी आल्यावर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. घरात माझा कोणताही फोटो पेपरात आला असता तर अम्मीने तो कापून ठेवला असता. हा ठेवला नाही.

पुढे मी अमरावतीला इंजिनिअरिंग केलं. तिथून दरवर्षी हिवाळ्यात मुलांच्या टोळ्या जुने कपडे गोळा करून मेळघाटात जायच्या. मीही एकदा गेलो. कपड्यांची दोन पोती आणि चार कॅमेरे. त्या कोरकू पाड्यावर आम्ही तासभर थांबलो असू. त्यातला निम्मा वेळ मुलांना रांगेत उभं करण्यात गेला. कपडे त्यांच्या मापाचे आहेत का, हे कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. फोटो मात्र अनेक वर्षं आमच्या प्रोफाइलवर होते.

नंतर कंपनीने मला दोन वर्षांसाठी लंडनला पाठवलं आणि फोटोच्या दुसऱ्या बाजूला उभं राहण्याची वेळ आली. स्टेशनवर मदतनिधीचे फलक असायचे. त्यावरचं मूल सावळं किंवा काळं, डोळे मोठे, बहुतेकदा एकटं. आई नाही, बाप नाही, गाव नाही. खाली रक्कम आणि मेसेज पाठवायचा नंबर. एकदा एका सहकाऱ्याने मला अत्यंत आपुलकीने विचारलं, तुमच्याकडे सगळीकडे असंच आहे का? मी त्याला संत्र्याच्या बागा, नगरपरिषद, आमच्या शाळा यांबद्दल सांगू लागलो आणि लक्षात आलं, की मी सफाई देतोय. मेळघाटातल्या त्या मुलांना अशी सफाई देण्याची संधी आम्ही कधी दिली नव्हती.

ही रीत जुनी आहे

मुलांचे फोटो दाखवून देणगी मिळवण्याची रीत त्याच लंडनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी रुळली. डॉ. थॉमस बर्नार्डो हे निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. मूल आश्रमात आलं तेव्हा कसं होतं आणि आता कसं आहे, अशा जोड्यांची छायाचित्रं छापून ते विकत. १८७७ मध्ये त्यांच्यावरच्या आरोपांची लवादापुढे चौकशी झाली. त्यात एक आरोप असा होता, की "आधीच्या" फोटोसाठी मुलांना मुद्दाम अधिक फाटकं आणि दीनवाणं दाखवलं गेलं. लवादाने या रीतीला दोष दिला. बर्नार्डोंच्या एकूण कामाला मात्र त्याने बेईमानी म्हटलं नाही. ही गुंतागुंत लक्षात ठेवण्यासारखी आहे. काम खरं होतं, मुलांना घर खरंच मिळत होतं. तरीही मिळालेल्या घराची किंमत म्हणून त्यांना कॅमेऱ्यासमोर आणखी गरीब व्हावं लागलं.

आपल्याकडेही हे लवकर आलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड पिळून काढले. दुसऱ्याला जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणत, संवत १९५६ वरून. न्यूयॉर्कच्या "ख्रिश्चन हेरल्ड" या साप्ताहिकाने भुकेल्या भारतीयांची छायाचित्रं छापून वाचकांकडून निधी उभा केला आणि १९०० मध्ये "क्विटो" नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांचा वर्षाचा खर्च अमेरिकेतल्या कुटुंबांनी उचलावा, अशी योजनाही त्यातून चालली. आज "एक मूल दत्तक घ्या" म्हणतात, तो प्रकार तेव्हाचाच.

पंडिता रमाबाईंनी पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून शेकडो मुली आणि तरुण विधवा आणल्या आणि केडगावला त्यांना सांभाळलं. त्यांच्या कामाच्या इंग्रजी वृत्तान्तांतही दुष्काळातून आलेल्या मुलींची छायाचित्रं दिसतात. पण रमाबाईंची गोष्ट वेगळी आहे. त्या स्वतः १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावून जगल्या होत्या. भूक त्यांनी फोटोत पाहिलेली नव्हती. त्यांच्याकडे आलेल्या मुली पुढे शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यात काम करू लागल्या. माणूस मदत घेताना एक क्षण दिसतो, त्याआधी आणि त्यानंतर त्याचं आयुष्य असतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातात कॅमेरा असणं आणि तासाभरासाठी आलेल्या पाहुण्याच्या हातात असणं यात फरक आहे.

पाहुण्यांचं ताजं उदाहरण २०१८ मधलं आहे. अलेसिओ मामो या इटालियन छायाचित्रकाराने उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गावांत एक टेबल मांडलं, त्यावर खोटं अन्न ठेवलं आणि गरीब माणसांना, मुलांना त्यापुढे डोळे झाकून उभं केलं. आवडीच्या जेवणाचं स्वप्न पाहा, असं त्यांना सांगितलं होतं. "वर्ल्ड प्रेस फोटो"च्या इन्स्टाग्रामवर ते फोटो आले, तेव्हा जगभर संताप झाला आणि त्याने दुखावलेल्यांची माफी मागितली. त्यालाही उपासमारीकडे लक्षच वेधायचं होतं. आमच्या गावापासून मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. ती मुलं आणि आमची चौदा मुलं यांत भाषेखेरीज फारसा फरक नाही.

फोटो चालतो, म्हणूनच प्रश्न आहे

"फोटो बंद करा" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण फोटोने पैसे येतात हे खरं आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी दाखवली, काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीची माहिती आणि फोटो. रोकियासाठी लोकांनी दुपटीहून अधिक पैसे दिले. तिच्यासोबत आकडेवारीही दाखवली, तेव्हा देणगी उलट घटली. २००९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं, की जाहिरातीतलं मूल हसरं किंवा शांत असण्यापेक्षा दुःखी असेल तर लोक जास्त देतात.

माझ्या धंद्यात याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. दोन फोटो टाकायचे, कोणत्यावर जास्त क्लिक येतात ते मोजायचं, जिंकलेला ठेवायचा, मग त्याहून जास्त चालणारा शोधायचा. यात कुणाला क्रूर व्हावं लागत नाही. आकडाच पुढे ढकलत नेतो. शेवटी उरतं ते सर्वांत रडवेलं, सर्वांत एकटं मूल. त्या मुलाला यात काय वाटतं, हा कॉलम शीटमध्ये नसतोच.

फोटोने न्यायही मिळतो, हेही खरं आहे. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या गाजल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा कुणी तिथल्या मुलांची अवस्था दाखवलीच नसती तर मुंबईला जाग आली असती का? अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते पाहून मान खाली जाते ती बघणाऱ्याची. ज्यांच्या अंगावर शहराची घाण पडते त्या कामगारांची नव्हे. असे फोटो पैसे मागत नाहीत, जबाबदारी कुणाची ते विचारतात.

मात्र मेळघाटाबाबत पुढे काय झालं? पावसाळा आला की तोच फोटो, फुगलेलं पोट आणि काड्यांसारखे पाय. अमरावतीत वाढलेल्या माझ्या पिढीला कोरकू म्हटलं की तेवढंच आठवतं. त्यांची भाषा, त्यांची शेती, तिथे वर्षानुवर्षं आरोग्याचं काम करणारी माणसं, यातलं काही नाही. दुसरीकडे डॉ. अभय बंग यांनी आणि राज्यभरातल्या संस्थांनी मिळून गावोगाव बालमृत्यू मोजले आणि "कोवळी पानगळ" हा अहवाल २००१ मध्ये मांडला. सरकारी नोंदीत न दिसणारे मृत्यू त्यात होते. सरकारला समिती नेमावी लागली. त्याआधी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळांच्या काळजीचं शिक्षण देऊन बालमृत्यू कसे कमी होतात, हे १९९९ मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापून आलं होतं. तिथे जीव वाचवले ते मोजणीने आणि शिकलेल्या बायकांनी. कुणाचं रडणारं मूल त्यासाठी फलकावर लावावं लागलं नाही.

आपल्या अंगणात

हे सगळं परदेशी संस्थांबद्दल बोलून थांबलो तर ते अर्धवट होईल. रमजानमध्ये रेशन किटचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पाच किलो आटा, तेलाची पिशवी, खजुराचं पाकीट, एका बाजूला आठ हात देणारे, दुसऱ्या बाजूला एक बुरखाधारी बाई मान वळवून उभी. यतीम मुलांच्या नावाने छापलेली कॅलेंडरं आणि पावत्या, त्यावर टोपी घातलेली मुलं. ईदच्या कपड्यांचं वाटप, त्याचं फेसबुक लाइव्ह. देणाऱ्यांत माझे नातेवाईक आहेत, मित्र आहेत, मीही आहे.

सूरह बकरामध्ये दान देऊन ते बोलून दाखवणं आणि घेणाऱ्याचं मन दुखावणं याने दान वाया जातं, असं बजावलं आहे. त्याच सूरहमध्ये उघड दानालाही चांगलं म्हटलं आहे, पण गरजूला गुपचूप देणं अधिक चांगलं मानलं आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही हदीस तर आपण मशिदीत कितीदा ऐकतो. फोटोचं समर्थन करणारे म्हणतात, उघड दिल्याने इतरांना प्रेरणा मिळते. मान्य. पण उघड व्हायचं आहे ते देणाऱ्याने. स्वतःचं नाव, स्वतःची रक्कम, स्वतःचा चेहरा खुशाल दाखवा. घेणाऱ्याला उघडं पाडण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

आणि धर्माचा हवाला कुणाला नको असेल, तर संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा शब्द आहेच. समाज म्हणून आपण दिवसरात्र सन्मानाची भाषा बोलतो. आपली प्रतिमा माध्यमांनी ठरवू नये, असं म्हणतो. मग आपल्यातल्याच सर्वांत गरीब घराची प्रतिमा आपण ठरवतो, तेव्हा तोच न्याय लागू व्हायला हवा.

कायदाही गप्प नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनाथालयांच्या देणगीपत्रकांवर दिसणारी कितीतरी मुलं या व्याख्येत बसतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्येही अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, असं कलम ९ सांगतं.

माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट इथे जोडतो. मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश बसतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात. क्वालिटी टिकावी म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतात. म्हणजे मुलीचं नाव झाकूनही तिचं घर आपण कळवू शकतो. शिवाय चेहरा ओळखणारी साधनं आता सर्वत्र आहेत. आज सातवीत असलेली मुलगी पंचविशीत नोकरीच्या मुलाखतीला जाईल, तेव्हाही तो फोटो कुठेतरी असू शकतो. तिने तेव्हा काय दाखवायचं आणि काय नाही, हे आपण आजच ठरवून टाकलेलं असतं.

मग पुरावा काय?

देणाऱ्याला पुरावा हवा, ही मागणी चुकीची नाही. वर्गणीत झालेले घोटाळे आपण पाहिले आहेत. पण वह्या हातात धरलेल्या मुलीच्या फोटोने नेमकं काय सिद्ध होतं? फोटो काढला तेव्हा तिच्या हातात वह्या होत्या, एवढंच. किती घेतल्या, काय भावाने, ती पुढचं वर्ष शाळेत गेली का, यातलं काहीच कळत नाही. दुकानाचं बिल आणि शाळेची फीची पावती त्यापेक्षा जास्त सांगते.

म्हणून आम्ही गटात काही नियम केले. वस्तू किंवा पैसे देताना मोबाईल खिशात. बिलं आणि फीच्या पावत्या मुलाचं नाव झाकून सगळ्यांना पाठवायच्या. दरवर्षी गटातल्या एकाने, चिठ्ठी टाकून, गावात जाऊन मुख्याध्यापकांकडे हजेरी आणि खर्च ताडून पाहायचा. कुणाच्या घरी न सांगता जायचं नाही. कधी कुणाचा फोटो खरंच लागला, तर तो कुठे जाणार आणि किती दिवस राहणार हे आधी सांगायचं, मुलाला आणि पालकांना दोघांनाही विचारायचं, आणि विचारणारा माणूस पैसे देणारा नसावा. "नाही" म्हटलं तर मदतीत एक रुपयाचाही फरक पडणार नाही, हे आधीच सांगायचं. मदत करणाऱ्याने मदत देता देता विचारलं, तर गरीब माणूस "नाही" म्हणू शकत नाही. त्या होकाराला संमती म्हणता येणार नाही. शेंदूरजनाघाटच्या त्या आईने नकार दिला तो वह्या सोडायची तयारी ठेवून. प्रत्येकीला ते परवडत नाही.

मुंबईत धारावी दाखवणाऱ्या "रिअॅलिटी टूर्स"ने आपल्या पाहुण्यांना वस्तीत फोटो काढायला बंदी केली आहे आणि तरीही त्यांचं काम चालतं. म्हणजे अशक्य काही नाही.

फुकट मात्र हे होत नाही. नियम सांगितल्यावर आमच्यातल्या दोघांनी पैसे देणं थांबवलं. एकाने स्पष्ट लिहिलं, की मुलांचे चेहरे दिसले नाहीत तर जोडलेलं वाटत नाही. मला त्याचा राग नाही, कारण जूनपर्यंत मीही तसाच होतो. तुटलेली रक्कम उरलेल्या नऊ जणांनी वाटून घेतली, त्यामुळे चौदापैकी कुणाची फी राहिली नाही. पुढच्या वर्षी पंधरावं मूल घ्यायचं होतं, ते सध्या जमणार नाही. हा तोटा खरा आहे आणि तो मी लपवत नाही. मदतीसाठी चेहरे दाखवणारे लोक याच तोट्याला घाबरतात. पण तो भरून काढायचं काम आपलं आहे, चौदा मुलांचं नव्हे.

जुने फोटो आम्ही सगळ्यांनी आपापल्या मोबाईलमधून काढले. गावच्या ग्रुपवर गेलेला परत आणता आला नाही. मी त्या आईला तसं सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "आता काय करता जी," आणि पिशव्या भरू लागली.

यंदाच्या रमजानआधी आपल्या मोहल्ल्यातल्या, मशिदीतल्या, संस्थेच्या बैठकीत एक ठराव मांडून पाहा: देताना फोटो नाही, हिशेब मात्र पै-पैचा आणि सगळ्यांसमोर भिंतीवर लावलेला. विरोध होईल. विरोध करणाऱ्यांना एकच विचारा, त्या रांगेत आपली मुलगी उभी असती तर आपण कॅमेऱ्याला होकार दिला असता का?